प्लँचेटचा घरगुती नाट्यप्रयोग

लातूरसारख्या शहरात एखाद्याच्या दिवाणखान्यात मोजक्या निमंत्रितांसमोर प्लँचेटचा नाट्यप्रयोग करावा का, या प्रश्नावर माझे मत अनुकूल आहे. (प्लँचेटमध्ये मंडळी अक्षरांच्या पटावरील वाटीवर बोटे ठेवतात आणि बोलावलेला आत्मा ती सरकवून उत्तरे देतो, असे मानले जाते.) मात्र वाटी सरकवण्यासाठी गुपचूप धागे व चुंबक वापरावेत, ही सूचना मला पटत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८५३ मध्येच दाखवून दिले होते की आत्म्यांच्या बैठकीत टेबलावर हात ठेवून बसलेली माणसे स्वतःच्या नकळत ते टेबल ढकलत असतात; वाटीचेही तसेच. नाट्याच्या दृष्टीने हीच मोलाची गोष्ट आहे, कारण वाटीवर बोट ठेवणारा पाहुणा खोटे बोलत नसतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य कसलेल्या नटालाही सहजी साधणार नाही. मंद उजेड आणि संथ आवाज पुरतो (भारनियमन असेल तर उजेडाचीही चिंता नको).

यजमानांच्या घरातील दिवंगताला मात्र कदापि ‘बोलावू’ नये. पात्र काल्पनिकच घ्यावे. अंगात येण्यावर आणि देवऋषीवर विश्वास ठेवणारी मंडळी आपल्याकडे आजही आहेत, शिवाय तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. तेव्हा तिकीट लावणार असाल, तर निमंत्रणपत्रिकेवरच ‘नाट्यप्रयोग’ असे ठळक छापावे.