मदत हवी आहे: निवृत्तीनंतर कोथरूड, तळेगाव की ज्येष्ठांसाठीचा प्रकल्प?

दोघंच राहणार, साठी ओलांडलेली, वन बीएचके पुरे. तिन्हीकडची अडचण वेगळी आहे.

कोथरूडला दवाखाना, बँक, भाजी सगळं पायी. पण बजेटमध्ये बसतात त्या जुन्या, विनालिफ्ट इमारती. तिथे कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) झालं नसेल तर पुनर्विकास रखडतो. झालं असेल तर सत्तरीत सामान बांधून भाड्याच्या घरात जायचं. मग भाडं आणि ताबा उशिरा मिळाल्यास काय, हे करारात नेमकं कसं लिहून घेतात?

तळेगावला हवा उत्तम, लोणावळा लोकल आहे. रात्री अपरात्री रुग्णवाहिका किती वेळात येते, हे तिथे राहणाऱ्यांनीच सांगावं. उन्हाळ्यात टँकर लागतो का? मेंटेनन्सचा आकडा त्यावरच फुगतो.

ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये नियमावली आणली. दारं ९०० मिलिमीटरहून रुंद हवीत, म्हणजे व्हीलचेअर अडत नाही. लिफ्ट मात्र स्वतः आत उभं राहून बघावी: सहा माणसांच्या, ४०८ किलोच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, त्याहून बरीच मोठी लागते. जाहिरातीत झोपाळा दिसतो, हे दिसत नाही!

या प्रकल्पांची खरी मेख करारात. राहायला जाताना अनामत घेत असतील तर ती परत मिळताना किती कापतात? एक जण गेल्यावर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क टिकतो का? अंथरुणाला खिळलेल्याला ठेवून घेतात की 'मुलांकडे न्या' म्हणतात? असे करार वाचलेल्यांनी कृपया कलमासकट सांगा.