मदत हवी आहे : ऐतिहासिक आणि आधुनिक रोलप्लेइंग खेळांत किमती व सुरुवातीचे पैसे कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी,

रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो आणि सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर, गोष्ट पुढे नेतो; आमच्या पाच जणांच्या गटात ते काम माझ्याकडे असते. सध्या दोन मोहिमा, म्हणजे अनेक सत्रांत चालणाऱ्या गोष्टी, आलटून पालटून चालू आहेत; एक १३५२ सालच्या इंग्लंडात घडते आणि दुसरी १९२५ सालच्या अमेरिकेत. दोन्हींचे नियम आम्ही निरनिराळ्या खेळांतून उचलून स्वतःच जुळवलेले असल्यामुळे तयार किंमतयादी हाताशी नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आली आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक जगातल्या रोलप्लेइंग खेळाच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत तीन फासे टाकायचे, बेरजेला दहाने गुणायचे आणि तेवढी सोन्याची नाणी घेऊन बाजारात जायचे, अशी पद्धत होती. काल्पनिक जगात हे खपून जाते, कारण तिथली पात्रे जणू कालच जन्मल्यासारखी रिकाम्या हाताने गोष्टीत येतात. चौदाव्या शतकातल्या नाइटला आणि गवंड्याला एकाच फाशावर बसवणे मात्र मला पटेना. म्हणून गवंड्याला थोडी रोख आणि अवजारे दिली, तर नाइटला चिलखत, तलवार आणि लढाईचा घोडा दिला. घोड्याची किंमत मी १० पौंड लिहिली आणि तीही हात राखूनच.

पहिल्याच सत्रात नाइटच्या खेळाडूने घोडा विकायला काढला. पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे १० पौंडांचे २,४०० पेन्स झाले. त्या काळी पायदळातील धनुर्धाऱ्याला दिवसाला ३ पेन्स मिळत. खेळाडूने कागदावर भागाकार केला आणि शांतपणे जाहीर केले की, आपण २० धनुर्धारी ४० दिवसांसाठी पदरी ठेवत आहोत. हिशेबात चूक नाही, हेच माझे दुःख आहे. बाकीची पात्रे गावातल्या एका कुलूपबंद कोठाराचे दार कसे उघडावे याची चर्चा करीत होती आणि याच्याकडे सैन्य उभे राहिले. वेळ संपल्याचे निमित्त करून मी सत्र तिथेच थांबवले.

दुसऱ्या मोहिमेत मी उलट वाटेने गेलो. आजच्या किमती घेतल्या, महागाईच्या निर्देशांकावरून एक भाजक काढला आणि सगळी यादी त्याने भागली. परिणाम विचित्र आला. मोटार खऱ्यापेक्षा कितीतरी महाग पडली आणि रेडिओ हास्यास्पद इतका स्वस्त. नंतर शोध घेतल्यावर कळले की, १९२५ मध्ये फोर्डची सर्वांत साधी मॉडेल टी २६० डॉलरना मिळत होती आणि थॉम्पसन सबमशीनगनची किंमत सुमारे २०० डॉलर होती. बंदूक आणि मोटार जवळजवळ एकाच भावात असतील हे कोणत्याही भाजकातून निघाले नसते.

माझा प्रश्न दुहेरी आहे. ज्या वस्तूची त्या काळातील किंमत सापडत नाही, तिची विश्वासार्ह किंमत कशी बसवावी? आणि पात्रांच्या सामाजिक स्थानातील फरक न पुसता सुरुवातीचे पैसे असे कसे द्यावेत की, एकाच पात्राच्या थैलीत साऱ्या गोष्टीचा निकाल लागणार नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : मजुरीपासून सुरुवात करा

आपला भाजक चुकला नाही. एकच भाजक पुरेल ही अपेक्षा चुकली. निर्देशांक हा अनेक वस्तूंच्या टोपलीचा सरासरी भाव असतो आणि खेळात कुणी टोपली विकत घेत नाही. जुन्या काळी माणसाचे श्रम स्वस्त आणि वस्तू महाग असत, आज ते उलटे झाले आहे. हाताने सूत कातून विणलेल्या कापडात इतके दिवस गुंतलेले असत की, जुना झगासुद्धा चोरण्याजोगा ऐवज होता. म्हणून प्रत्येक काळासाठी साध्या कामगाराची एका दिवसाची मजुरी हे एकक धरावे, आणि किंमत न सापडलेल्या वस्तूसाठी ‘ती घडवायला कोणत्या कारागिराचे किती दिवस जातील आणि कच्चा माल किती लागेल’ एवढेच विचारावे. उत्तर अचूक येणार नाही, पण यादीतील इतर वस्तूंशी त्याचे प्रमाण बिघडणार नाही.

आपण निवडलेले वर्ष तर या दृष्टीने फारच सोयीचे आहे. प्लेगच्या साथीनंतर मजुरांचा तुटवडा पडला आणि १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या पातळीवर रोखण्याचा प्रयत्न केला. त्यात मुख्य सुताराला दिवसाला ३ पेन्स, इतर सुतारांना २, दगड घडवणाऱ्या मुख्य गवंड्याला ४ आणि इतर गवंड्यांना ३ असे दर आहेत. प्रत्यक्षात लोक त्याहून अधिक मागत आणि गरजवंत मालक ते देत. तेव्हा आपल्या यादीत श्रमांसाठी कायद्याचा दर आणि चालू दर असे दोन रकाने करावेत. आपल्या गवंड्याने चालू दर मागितला की तो गुन्हेगार ठरतो, आणि असे कथानक सूत्रधाराला फुकटात मिळत असेल तर सोडू नये.

घोड्याबद्दल माझे मत जरा कठोर आहे. आपण त्याला किंमत दिली, पण गिऱ्हाईक कुठून आले हे विचारले नाही. २,४०० पेन्स म्हणजे त्या वेळच्या वजनाने सुमारे २.८ किलो चांदी. १३४४ पासून चलनात असलेल्या ८० पेन्सच्या सोन्याच्या नोबलमध्ये दिले तरी तीस नाणी होतात. एखाद्या खेड्यात हे कोण मोजून देणार आणि त्या नोबलची मोड कोण देणार? शिवाय नाइटला युद्धात दिवसाला २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स, मिळत ते त्याने घोडा व शस्त्रे घेऊन हजर व्हावे म्हणून. राजाच्या पगारी सेवेत घोड्याचे मूल्य मोहिमेआधी नोंदवले जाई आणि तो मेला तर भरपाई मिळे. नोंदवलेला घोडा बाजारात दिसला, तर पुढचे सत्र आपोआप रंगेल.

प्रतिसाद : रोख कमी, देणी जास्त

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मात्र १९२५ साठी केवळ मजुरीचे एकक पुरणार नाही. फोर्डच्या कारखान्यात १९१९ पासून दिवसाला ६ डॉलर मिळत होते, म्हणजे ती साधी मोटार सुमारे ४३ दिवसांच्या कमाईत बसते. तरीही त्या दशकात असंख्य लोकांनी मोटारी हप्त्यांवर घेतल्या. आधुनिक पात्राची आर्थिक स्थिती त्याच्या खिशातील नोटांपेक्षा दरमहा येणारे उत्पन्न, भाडे, हप्ते आणि उधार देणारे लोक यांतून जास्त स्पष्ट होते. सुरुवातीला प्रत्येक खेळाडूकडून या चार गोष्टी लिहून घ्याव्यात आणि रोख रक्कम एका आठवड्याच्या उत्पन्नाहून अधिक देऊ नये.

‘ट्रॅव्हलर’ या १९७७ च्या खेळात अवकाशयान चाळीस वर्षांच्या कर्जावर मिळते आणि दर महिन्याला किमतीचा २४० वा भाग भरावा लागतो. नुसत्या हप्त्यांतच किमतीच्या दुप्पट रक्कम जाते. यानाचे मालक असूनही पात्रे सतत पैशांच्या मागे धावत राहतात. ‘जर्प्स’ या खेळात तर एका जागी स्थिरावलेल्या पात्राने सुरुवातीच्या संपत्तीतील ८० टक्के घर, कपडे आणि नित्याच्या सामानात अडकलेली धरावी, अशी सूचनाच आहे. आपल्या नाइटची जमीनही तशीच अडकलेली संपत्ती आहे. ती त्याला श्रीमंत ठरवते, पण थैली भरत नाही.

प्रतिसाद : इतका हिशेब हवाच का?

मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळाच्या सातव्या आवृत्तीत क्रेडिट रेटिंगवरून, म्हणजे पात्राची आर्थिक पत दाखवणाऱ्या आकड्यावरून, खर्चाची एक मर्यादा ठरते आणि तिच्या आतील खरेदीची नोंदच ठेवावी लागत नाही. पात्र सधन आहे की गरीब, एवढे माहीत असले म्हणजे पुरे. टेबलावर बसून पेन्स मोजण्यापेक्षा खेळावे, हे बरे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खर्चाच्या मर्यादेची सूचना १९२५ साठी मी जशीच्या तशी घेणार आहे. १३५२ साठी मात्र ती मानवत नाही, कारण तिथे आमच्या गवंड्याच्या खेळाडूला तीन आणि चार पेन्समधील फरकातच रस आहे. तो फरक पुसला तर त्याच्या पात्राचे काही उरत नाही. एक शंका राहिली. पुढे दुष्काळाचे वर्ष दाखवायचे आहे. तेव्हा सगळी यादी पुन्हा लिहावी लागेल का?

प्रतिसाद : पावाचे वजन कमी करा

यादीला हात लावू नका. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून पावाच्या बाबतीत किंमत स्थिर ठेवून वजन बदलण्याची पद्धत होती. गहू महागला की एका फार्दिंगचा, म्हणजे एक चतुर्थांश पेनीचा, पाव ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे लहान होई आणि कमी वजन देणाऱ्या भटारखानेवाल्याला शिक्षा होई. खेळाडूंना नवे आकडे सांगण्याऐवजी ‘तोच पाव आता तळहातावर मावतो’ असे वर्णन करावे. पोट भरायला दोन पाव लागू लागले की मजुरीचे मोल घटल्याचे त्यांना आपोआप कळेल. बाकीच्या वस्तूंपैकी धान्याशी थेट संबंध असलेल्या, म्हणजे बिअर आणि घोड्याचा दाणा, एवढ्यांचेच भाव वाढवले तरी चालेल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

घोड्याच्या दाण्याची गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती, आणि तिच्यामुळे नाइटचा प्रश्नही सुटला असे वाटते. दाणा महागला की घोडा पोसणे जड जाईल आणि विकताना गिऱ्हाइकाच्या अटी मान्य कराव्या लागतील. पुढच्या सत्रात घोड्याला गिऱ्हाईक मिळेल, पण ते म्हणजे जवळचा एक मठ असेल. मठाधिपती चार नोबल हातावर ठेवतील, उरलेली रक्कम दोन वर्षांत देण्याचा लेखी करार करतील आणि ‘या घोड्याचे वर्णन राजाच्या नोंदवहीत वाचल्यासारखे वाटते’, असे सहज म्हणतील. चार नोबल म्हणजे ३२० पेन्स. आता तीन धनुर्धारी पाच आठवडे ठेवता येतील आणि वर ५ पेन्स उरतील. कोठाराचे दार अजून बंदच आहे.