‘सिडक्शन’ला मराठीत एकच शब्द सापडेल का?

प्रश्न – अनुवादिका, देवरुख

सप्रेम नमस्कार. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना मी ‘सिड्यूस’ या क्रियापदापाशी पंधरा दिवस अडून बसले आहे. कथेत ते तीनदा येते. आधी जहाजावरचा एक अधिकारी बंदरात राहणाऱ्या विधवेला ‘सिड्यूस’ करतो, मग तिच्या धाकट्या भावाला समुद्र ‘सिड्यूस’ करतो, आणि शेवटी म्हातारपणी ती बाई स्वतःलाच विचारते, की त्या वेळी नक्की कोणी कोणाला ‘सिड्यूस’ केले होते. लेखकाने तिन्ही ठिकाणी शब्द मुद्दाम एकच ठेवला आहे, हे उघड आहे. ‘भुलवणे’ मला फार हळवे वाटते, ‘फूस लावणे’ म्हटले की पोलीस ठाण्यातली फिर्याद आठवते, ‘वश करणे’ म्हणावे तर लिंबू-मिरची डोळ्यांपुढे येते आणि ‘पटवणे’ कॉलेजच्या कट्ट्यावरचे आहे. तिन्ही ठिकाणी चालेल असा एखादा शब्द आपल्याकडे आहे का?

उत्तर १ – निवृत्त संस्कृत शिक्षक, वेंगुर्ला

ताई, प्रथम मूळ शब्दाकडे पाहू. लॅटिनमध्ये ‘से’ म्हणजे बाजूला आणि ‘दुकेरे’ म्हणजे नेणे, म्हणून वाटेवरून बाजूला नेणे हा ‘सिड्यूस’चा मूळ अर्थ होय. (एसटीचा कंडक्टरही याच ‘दुकेरे’च्या गोत्रातला आहे, तो बिचारा सगळ्यांना एकत्र घेऊन जातो.) मूळ अर्थात शृंगाराची सक्ती नाही, फक्त वाट सुटणे आहे.

आपले शब्द दुसऱ्या बाजूने येतात. ‘मोह’ हा ‘मुह्’ धातूपासून, म्हणजे भान हरपणे, गोंधळणे. ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ ही दोन्ही त्याच धातूची रूपे असून त्यांतले एक आपण कौतुकासाठी ठेवले आणि दुसरे मूर्खासाठी. ‘लुभ्’ धातूचा पसारा तर आणखी गमतीचा आहे, कारण निवडणुकीत मतदाराला दाखवतात ते प्रलोभन, जाहिरातीतला आरे-वारेचा किनारा विलोभनीय, आणि पत्राच्या शेवटी आपण निःशंकपणे लिहितो, ‘लोभ असावा’.

तात्पर्य, इंग्रजी शब्द नेणाऱ्याच्या कृतीवर बोट ठेवतो, तर आपला शब्द ज्याचे भान गेले त्याच्या अवस्थेवर. ‘मला मोह पडला’ या वाक्यात मोह पाडणारा कोणी नसला तरी वाक्य पूर्ण होते. आपल्या अनुवादाची अडचण मला तरी इथे दिसते.

उत्तर २ – वकील, रत्नागिरी

सरांच्या मुद्द्याला कायद्याची पुस्ती जोडतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३६६ मध्ये, स्त्रीच्या अपहरणासंबंधी, ‘फोर्स्ड ऑर सिड्यूस्ड’ असे शब्द शेजारी शेजारी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ८७ झाले. म्हणजे बळजबरी एका बाजूला आणि जिथे बळ लागत नाही असा मार्ग दुसऱ्या बाजूला. ‘फूस लावून पळवून नेले’ या फिर्यादीतल्या ठरीव वाक्यात दोष संपूर्णपणे फूस लावणाऱ्याचा असतो, म्हणून अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तो शब्द योग्यच आहे. आपल्या कथेतली बाई मात्र प्रौढ आहे. तिला फूस लागली असे लिहिले, की तिची अक्कल आपण परस्पर काढून घेतो.

इंग्लंडमध्ये १९७० पर्यंत ‘सिडक्शन’ हा दिवाणी दाव्याचाही विषय होता. दावा करायचा मुलीच्या बापाने, आणि तोही तिच्या घरकामाला आपण मुकलो या कारणाने! तिचे म्हणणे काय, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच.

उत्तर ३ – खाडीकाठ, देवगड

मी भाषेचा अभ्यासक नाही. सुट्टीच्या दिवशी खडपावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो, एवढाच माझा अधिकार. ‘लग्नाचे आमिष दाखवून’ हे शब्द वर्तमानपत्रात इतक्यांदा येतात की त्यातला मासा आपल्याला दिसेनासा झाला आहे. आमिष म्हणजे मूळचे मांस. सामिष आणि निरामिष भोजन आपण म्हणतोच. गळाला लावलेली कोळंबी खोटी नसते. ती ताजी असावी लागते, नाहीतर मासा ढुंकूनही पाहत नाही. खोटेपणा आत लपलेल्या गळात असतो. त्यामुळे लग्नाचे वचन मुळातच खोटे असेल तर तिथे ‘फसवणे’ हाच शब्द पुरे, आमिषाची गरज नाही. आपल्या अधिकाऱ्याने त्या विधवेला दिलेला सहवास, गप्पा, आदर हे खरे होते की नव्हते? कथेत ते खरे असेल तर ‘फसवले’ लिहू नका.

उत्तर ४ – दशावतारप्रेमी, कुडाळ

वरची तिन्ही उत्तरे चांगली असली तरी एक गोष्ट सगळ्यांनी सोडली आहे. पुरुष बहकला की आपण ‘बाईच्या नादी लागला’ म्हणतो आणि बाई बहकली की ‘तिचे पाऊल घसरले’. दोन्ही वाक्यांत पुरुष सुटतो. विश्वामित्राचा तपोभंग मेनकेच्या नावावर आहे, पण तिला पाठवणारा इंद्र होता आणि तिला नकार देण्याची मुभा नव्हती. ‘सिड्यूसर’ कोण, हे आता सांगा.

उलट मोहिनीचे पाहा. विष्णूने स्त्रीरूप घेऊन असुरांच्या हातून अमृत काढले, तरी तिला कोणी कपटी म्हणत नाही. गोव्यात म्हार्दोळला तीच म्हाळसा नारायणी म्हणून पुजली जाते. जत्रेत रात्री उशिरा साडी नेसलेला आमचा पुरुष नट मोहिनी होऊन रंगमंचावर येतो, तेव्हा समोरच्या गॅसबत्तीच्या काळापासून नाटके पाहत आलेल्या म्हाताऱ्यांनाही तो पुरुष आहे हे ठाऊक असते आणि तरीही ते हरखतात. ठाऊक असून हरखणे, याला ‘फूस’ म्हणता येत नाही. म्हणून ‘मोहिनी घालणे’ सुचवतो. समुद्रालाही तो शोभेल.

अनुवादिका, देवरुख

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मोहिनी घालणे’ समुद्रासाठी घेते. अधिकाऱ्यासाठी मात्र तो शब्द फार उदार वाटतो. तिथे साधे ‘भुलवले’ ठेवते, कारण खाडीकाठ यांचा प्रश्न घेऊन मी कथा पुन्हा वाचली आणि त्याचा आदर खरा होता, असेच दिसले.

शेवटच्या जागेसाठी सरांच्या ‘वाटेवरून बाजूला नेणे’ यावरून मला आमच्या आजीचा ‘चकवा’ आठवला. रात्री पायवाटेने येणाऱ्याला चकवा लागतो तेव्हा त्याला कोणी हात धरून नेत नाही. वाट ओळखीचीच वाटत राहते, आणि उजाडल्यावर पाहावे तर माणूस रात्रभर एकाच आंब्याभोवती फिरलेला असतो. म्हातारीच्या तोंडी मी आता असे घातले आहे: ‘चकवा मला लागला की त्याला, कोण सांगणार?’ एकच शब्द तीनदा आणण्याचा लेखकाचा हेतू यात बुडाला, हे मान्य. संपादकांनी हरकत घेतली तर पुन्हा येथेच विचारीन.