मायनर ट्यूनिंगसाठी दुसरा बँजो घ्यावा का? बजेट १५,०००

कोमल_गंधार
नमस्कार मंडळी. सहकारनगरला राहते. माझ्याकडे पाच तारांचा बँजो आहे, नेहमीच्या ओपन जीमध्ये लावलेला (चौथीपासून पहिलीपर्यंत डी-जी-बी-डी, पाचवी आखूड तार वरचा जी). दीड वर्ष क्लॉहॅमर (नखाने तारांवर खाली मारत वाजवायची पद्धत) शिकतेय. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांना साथ करायची आहे. तिच्या चालीत गंधार कोमल लागतो आणि माझ्या मोकळ्या बी तारेचा शुद्ध गंधार मध्येच वाजला की ती गायची थांबते. म्हणून एक बँजो कायम जी मायनरमध्ये लावून ठेवावा म्हणते. १५ हजारांपर्यंत, वापरलेलाही चालेल. कुठला घेऊ?

पर्वतीपायथा
दुसरा बँजो कशाला? दुसरी तार अर्धा स्वर उतरवा, बीचा बी फ्लॅट करा. झालं जी मायनर. जीला सा धरलात तर मोकळ्या तारा प, सा, कोमल ग, प. पाचवी तार वरचा सा, सतारीच्या चिकारीसारखी (मधूनमधून छेडायची सा ची तार). शुद्ध गंधार हवाच असेल तर त्याच तारेवर पहिला पडदा दाबा. खर्च शून्य.

एरंडवणेकर
घ्यायचाच तर डीअरिंग कंपनीचा गुडटाइम बँजो घ्या. बहिणीने अमेरिकेहून आणला, सहा वर्षं झाली, खुंट्या जागच्या हलल्या नाहीत. १५ हजारांत बसणार नाही, पण वर्षभर थांबा, पैसे साठवा. माझा पहिला बँजो स्वस्तातला होता. पाचव्या तारेची खुंटी चार महिन्यांत आपोआप फिरायला लागली, दुकानदाराने हात वर केले.

खाडीपलीकडचा
ताई, आमच्या वाडीच्या पथकात मी १२ वर्षं बेंजो वाजवलाय. बटणं दाबायची, कोमल-शुद्ध सगळे स्वर हाताखाली. तार उतरवा-चढवायची भानगडच नाही. तुमच्या बजेटमध्ये तीन येतील.

कोमल_गंधार
दादा, तुम्ही म्हणता ते वेगळं वाद्य.

जुनीवाद्यं
बरोबर, तो बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेलं. तुमचा बँजो मूळचा आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत घडवला. सेनेगल-गांबियाकडच्या अकोंटिंग या तंतुवाद्यालाही अशीच आखूड तार असते.

खाडीपलीकडचा
मूळ कुठलंही असो. गणपतीत अख्खा महाराष्ट्र त्यालाच बेंजो म्हणतो.

सा_म_प
बी उतरवू नका, उलट अर्धा स्वर चढवा, सी करा. याला सॉमिल किंवा माउंटन मायनर म्हणतात. अ‍ॅपलाचियन या अमेरिकेतल्या डोंगररांगेतल्या कितीतरी जुन्या चाली यातच वाजवतात. मोकळ्या तारा प, सा, म, प. गंधार कुठेच नाही, त्यामुळे चुकून वाजायची भीतीच नाही. कोमल गंधार लागेल तेव्हा तिसऱ्या तारेवर तिसरा पडदा. जी मायनरमध्ये कोमल गंधार सारखा कानावर आदळतो, ओवीला तो तसा नको. ओवीत गंधार पाहुण्यासारखा येऊन जातो.

सवाईप्रेमी
पण मालकंस वाजवायचा झाला तर? त्यात पंचम वर्ज्य. तुमच्या दोन्ही ट्यूनिंगमध्ये दोन-दोन तारा पंचमाच्या.

सा_म_प
तेव्हा दोन्ही डी उतरवून सी करायचे. इथे ओव्यांचं चाललंय.

सवाईप्रेमी
ओव्यांचं असलं तरी नियम नियमच.

नवीपेठ_२७
दुसरी तार अर्धा स्वर उतरवा, पुरे. नवीन बँजो नको.

घोडीसरकली
आजी कुठल्या पट्टीत गातात, हे कुणी विचारलंच नाही.

कोमल_गंधार
काळी चार.

घोडीसरकली
म्हणजे जीच्या अर्धा स्वर वर. मग कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर. पण पाचवी तार कॅपोखाली येत नाही, ती खुंटीने वेगळी अर्धा स्वर चढवा. तेवढं ती सहन करते. मी एकदा तीच तार दोन पूर्ण स्वर चढवली, तुटून गालाला लागली. आता सातव्या आणि नवव्या पडद्याशी बारीक खिळे मारून घेतलेत, तार त्याखाली अडकवली की काम झालं. वापरलेला घेणार असाल तर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर घोडी सरकवा, ती चिकटवलेली नसते.

एरंडवणेकर
आणि चामड्याची पुडी असलेला घेऊ नका. पुण्याच्या पावसाळ्यात ती सैल पडते, सकाळ-संध्याकाळ वेगळा आवाज. प्लास्टिकची घ्या. खरं तर गुडटाइमच घ्या.

कोमल_गंधार (पाच आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. दोन्ही करून पाहिलं. बी फ्लॅटवर आजी म्हणाली, "अजून चढाच आहे गं." सॉमिलमध्ये ती गायची थांबली नाही, पण तिसऱ्या पडद्यावर बोट पडलं की मान हलवायची. शेवटी तिच्या गंधारावर मी नुसतं बोट सरकवत गेले, तेव्हा कळलं की तिचा गंधार पडद्याच्या किंचित अलीकडे आहे. तिथे पडदाच नाही.

म्हणून दुसरा बँजो घेतलाच. वापरलेला, ११ हजारांना, तोही चामड्याच्या पुडीचा. एका सतार दुरुस्त करणाऱ्या काकांकडून पडदे उपटून घेतले, खाचांत लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. आधीचे बँजो बिनपडद्याचेच असायचे. सॉमिलमध्ये लावलाय, काळी चारला. पावसाळ्यात पुडी उतरते, मग रोज सकाळी चावीने थोडी ताणते आणि आजीला सा विचारते. काल तिने सलग नऊ ओव्या म्हटल्या.

सवाईप्रेमी
पडदे काढायला नको होते. विकताना किंमत येणार नाही.

सा_म_प
विकतंय कोण. ताई, त्या नऊ ओव्या रेकॉर्ड करून ठेवा.