मदत हवी आहे: अंटार्क्टिक माशांमधला जनुकीय फरक कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. जनुकशास्त्रातल्या जाणकारांना एक प्रश्न आहे. मी अंटार्क्टिक सिल्व्हरफिशचा अभ्यास करतोय. रॉस समुद्राच्या टेरा नोव्हा उपसागरात याची अंडी समुद्रबर्फाच्या खालच्या बाजूला, पातळ बर्फपत्र्यांच्या जाळीत अडकलेली सापडतात. पाणी जवळजवळ उणे दोन अंश! पिल्लं पुढे प्रवाहाबरोबर वाहत जातात.

गाडी अडलीये ती एफएसटीवर, म्हणजे समूहांमध्ये किती जनुकीय फरक आहे ते सांगणाऱ्या आकड्यावर (शून्य म्हणजे फरक नाही). दूरदूरच्या समूहांमध्येही ही किंमत शून्याच्या आसपास आली, तर नेमकं काय समजायचं? समूह खरोखर मिसळतात असं, की संख्या प्रचंड असल्यामुळे वेगळे होऊनही फरक साचायला वेळच मिळाला नाही असं? शेवटच्या हिमयुगाचा कळस साधारण २०,००० वर्षांपूर्वीचा. एवढ्या मोठ्या समूहांसाठी हा काळ फार नाही. शिवाय दर पिढीत मोजके मासे इकडून तिकडे गेले तरी एफएसटी खाली राहतो. पण एखाद्या ठिकाणचे मासे घटले, तर तेवढ्यांनी ती तूट मुळीच भरून निघणार नाही. माझ्या मते हाच कळीचा मुद्दा आहे. टूथफिशसारख्या मासेमारी होणाऱ्या जातींत तर सगळ्या ठिकाणचे मासे मिळून एकच साठा मानणं महागात पडू शकतं.

मायक्रोसॅटेलाइटऐवजी (डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) हजारो एसएनपी (डीएनएमधले एकेका अक्षराचे फरक) घेतले तर या दोन शक्यता वेगळ्या करता येतील का? की कानातल्या खड्यांचं, म्हणजे ओटोलिथचं, रासायनिक विश्लेषण (मासा कुठल्या पाण्यात वाढला ते कळायला) जोडीला हवंच? कोणी दोन्ही एकत्र वापरलं असेल तर सुरुवात कुठून करायची ते कृपया सांगा.