बाळंतपणानंतर रखडलेली पीएचडी: मार्गदर्शन कुणाकडे मागावे?

प्रश्न (घणसोली)
माझी पीएचडीची नोंदणी ऑगस्ट २०२१ मधली, विषय रसायनशास्त्र. मुलगी आता दीड वर्षाची आहे. रजेवरून परतले तेव्हा माझे प्रयोग एका सहकाऱ्याकडे गेले होते आणि शोधनिबंधाच्या मसुद्यात माझे नाव पहिल्यावरून तिसरे झाले होते. गाईड सौजन्याने वागतात, "आधी बाळाकडे बघा, प्रबंध होईल सावकाश" असे म्हणतात. मात्र माझे दुसरे प्रकरण चार महिने त्यांच्याकडे न वाचलेलेच पडून आहे. काम चुकत असेल तर तसे सांगणारेही कुणी नाही, याचा त्रास सर्वाधिक होतो.

उत्तर १ (कोपरी, ठाणे पूर्व)
मुदतीची काळजी आधी दूर करते. तुमच्या नोंदणीला विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१६ चे नियम लागू होतात: कमाल सहा वर्षे, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत, शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी प्रगती मांडावी लागते. प्रकरण कोणत्या तारखेला दिले, हे त्या अहवालात लेखी नोंदवा. नावांच्या क्रमाविषयी बोलायला जाताना तारखांसह प्रयोगवही सोबत ठेवा.

उत्तर २ (खारघर, निवृत्त प्राध्यापिका)
अहो, "सावकाश" या शब्दात माया असते, पण त्याने माझ्या कितीतरी विद्यार्थिनींची उमेद संपलेली मी पाहिली आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन संचालक असताना, स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्यांनी हट्ट धरल्यावर एक वर्ष काम पारखण्याच्या अटीवर मिळाला. तिथे त्यांना श्रीनिवासय्या हे शिक्षक लाभले, जे कडक होते, भरपूर काम करून घेत आणि मनापासून शिकवत. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी त्यांनी मिळवली. तुम्हालाही सवलतीसोबत असा कडक वाचक हवा. समितीतल्या ज्या सदस्याने सर्वांत अवघड प्रश्न विचारला असेल, त्यांच्याकडे पूर्ण प्रकरण न नेता एकच आलेख आणि एकच शंका घेऊन जा. गाईडना आधी कळवा, म्हणजे गैरसमज होणार नाही.

उत्तर ३ (ऐरोली)
आम्ही तिघी, तीन वेगळ्या विषयांच्या, दर शनिवारी एकमेकींची दहा पाने वाचतो. रसायनशास्त्र आम्हाला कळणार नाही, पण युक्तिवाद कुठे तुटतो ते नक्की सांगू. मुलीला घेऊन आलात तरी चालेल. ते चार महिने पडलेले प्रकरण आणा.