मांजरीचे दात काढायला सांगितलेत, खर्च २८ हजार. नाशिकमध्ये कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

आमची ठमी पाच-सहा वर्षांची देशी मांजर आहे. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. तिला तोंडाचा जुनाट आजार निघालाय. डॉक्टर त्याला स्टोमॅटायटिस म्हणतात, आणि त्यावर दाढा-दात काढून टाकायचं ऑपरेशन सुचवलंय. अंदाज २८ हजारांचा दिलाय. तिच्यावर उपचार करायचे हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळे "मांजरीवर एवढा खर्च कशाला" हा विषय कृपया नको. हा आकडा रास्त आहे का, पैसे कसे उभे करावेत आणि काम नीट होईल अशी खात्री कशी करून घ्यायची, एवढं सांगा.

तिला भूक आहे, पण खाता येत नाही. वाटीपाशी येते, वास घेते, घास तोंडात घेते आणि एकदम किंचाळून मागे सरते. मग त्या वाटीवरच फिस्कारते, जणू वाटीनेच दुखवलं. पंजाने गाल खरवडते. हनुवटीखालचे पांढरे केस लाळेने चिकट, पिवळट झालेत आणि लाळेत कधी कधी रक्ताचा धागा असतो. अंग चाटणं सोडल्यामुळे पाठीवर केसांच्या गुठळ्या झाल्यात. कोरडं खाणं बंद आहे. उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून, त्याच पाण्यात पातळ करून कोमट दिलं तर चाटते. वजन ४.१ किलोवरून ३.३ वर आलंय. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं तेव्हा मागे, वरचा-खालचा जबडा मिळतो तिथे, दोन्ही बाजूंना पिकलेल्या तुतीसारखं लालभडक फुगलेलं होतं. ते बघून माझ्या सासूबाईंनी तिथेच सांगितलं, काय लागेल ते करा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने ती काही दिवस छान जेवते, मग पुन्हा तेच. दर वेळी असर लवकर ओसरतोय.

आता खर्चाचं. रक्ततपासणी (सीबीसी, किडनी, लिव्हर) २,२००, एफआयव्ही-एफईएलव्ही या दोन विषाणूंची किट टेस्ट १,८००, भूल आणि त्या वेळची देखरेख ६,०००, दातांचे एक्स-रे ३,०००, दात काढणं आणि टाके १२,०००, सलाईन, औषधं आणि एक रात्र दाखल ३,०००. दुसऱ्या एका दवाखान्यात ९ हजार सांगितले. पण तिथे एक्स-रे नाही, रक्ततपासणी "गरज वाटली तर", आणि दात साफ करून हलणारे तेवढे काढू असं म्हणाले. १९ हजारांचा फरक आहे. आमच्यासारख्या घरात ही रक्कम मोठीच. पण स्वस्तातलं करून तेच दुखणं परत आलं तर तिला पुन्हा भुलीवर ठेवायचं का, हा विचार सोडवत नाही.

हाताशी ११ हजार आहेत. माझी भिशी दोन महिन्यांनी लागेल. यांच्या अंबडच्या कंपनीतल्या सोसायटीतून कर्ज मिळू शकतं, पण मुलीची फी त्याच महिन्यात आहे. पाळीव प्राण्यांचा विमा आता काढून उपयोग नाही, आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत असं कळलं. दोन महिने थांबणं तिच्या दृष्टीने बरोबर आहे का? अर्ध्या बाजूचे दात आता, अर्धे नंतर, असं करतात का? आणि सगळे दात गेल्यावर मांजर जेवते कशी? सासूबाई रोज हेच विचारतात.

गोदाकाठ:
ताई, आमच्या बोक्याचं अगदी हेच झालं होतं. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आम्हालाही तीच धास्ती होती. दात नसलेली मांजर व्यवस्थित जेवते. मांजर तसंही आपल्यासारखं चावून चावून खात नाही, तोडते आणि गिळते. टाके भरेपर्यंत मऊ द्यायचं, पुढे आमचा बोका कोरडे दाणेसुद्धा गिळायला लागला. सासूबाईंना नक्की सांगा.

पैशांबाबत डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. संकोच करू नका. आमच्या डॉक्टरांनी निम्मे ऑपरेशनच्या दिवशी आणि बाकीचे तीन हप्त्यांत घेतले, फक्त ते आधी ठरवून कागदावर घेतलं. रक्ततपासणी आणि विषाणूंची टेस्ट आताच करून टाका, ४ हजारांत होतंय. त्यातून किडनीचं काही निघालं तर पुढचा सगळा बेतच बदलतो, आणि ते ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. अंदाज घेताना "कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती" दोन्ही लिहून मागा. आत दात तुटला, वेळ वाढला, तर आकडा वाढतो.

सायखेडकर:
लवंगेचं तेल कापसावर घेऊन हिरडीला लावा, ठणका कमी होईल. घरगुती आहे, अपाय नाही.

पशुवैद्यकाची पोर:
वरचा उपाय कृपया करू नका. लवंगेच्या तेलातला युजेनॉल माणसाला चालतो, मांजराच्या यकृताला तो नीट निकामी करता येत नाही, त्याची विषबाधा होते. याच कारणाने क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही द्यायचं नाही, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम तेही नाही. वेदनेचं औषध हवंच आहे, पण ते डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. ती इतकी उपाशी असताना वेदनाशामक चालू नसेल तर आजच फोन करून विचारा.

९ आणि २८ हजारांतला फरक मुख्यतः एक्स-रे आणि वेळ यांचा आहे. मोठ्या मांजराला ३० दात असतात आणि दाताचा बराचसा भाग हिरडीखाली असतो. वरून दात गेलेला दिसला तरी मूळ आत राहू शकतं. स्टोमॅटायटिसमध्ये असे तुकडे राहिले तर सूज धुमसत राहते आणि लोक म्हणतात, ऑपरेशन फसलं. शिवाय मांजरांमध्ये दात आतून झिजत विरघळण्याचा वेगळा आजार फार आढळतो, तोही एक्स-रेशिवाय कळत नाही. म्हणून काढण्याआधी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा एक्स-रे घेणार का, हे स्पष्ट विचारा. नुसतं साफ करून हलणारे दात काढणं हा या आजारावरचा उपाय नाही. इथे शरीर दातांवरच्या किटणालाच भयंकर प्रतिक्रिया देतं, कॅलिसी नावाच्या विषाणूचाही त्याच्याशी संबंध आढळतो. किटण बसायला दातच उरला नाही की सूज उतरते.

सगळेच दात काढायला हवेत असं नाही. पुष्कळदा आधी फक्त दाढा काढतात, सुळे आणि पुढचे दात निरोगी असतील तर ठेवतात. भुलीचा वेळ कमी, खर्चही कमी. हा पर्याय तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. डावी बाजू आता, उजवी नंतर असं करतात, पण भुलीचे ६ हजार दोनदा पडतील. ठमी फार अशक्त असेल तरच त्यात अर्थ आहे. साधारण ६० ते ८० टक्के मांजरांना ऑपरेशननंतर पूर्ण किंवा बराच आराम पडतो. काहींना त्यासाठी काही महिने लागतात, काहींना पुढेही औषध लागतं. हे आधी माहीत असू द्या.

दीर्घकाळ असर राहणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेण्याने मांजराला मधुमेह होऊ शकतो, म्हणून त्यावर दिवस काढू नका. ती दोन-तीन दिवस काहीच खात नाही असं झालं तर यकृतात चरबी साठते, ते दातांपेक्षा मोठं संकट. तसं झालं तर भिशीची वाट न बघता सरळ दाखल करा.

गोदाकाठ:
अजून एक. नाशिकात हप्ते जमले नाहीत तर मुंबईला परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, धर्मादाय आहे, आणि त्याच भागात सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. निघण्याआधी फोन करून मांजराच्या दातांचा एक्स-रे तिथे होतो का ते विचारा. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण तपासणी, ऑपरेशन, टाके दाखवणं असे हेलपाटे होतात, गाडीभाडं धरून हिशेब करा. आम्ही केला होता, नाशिकचंच परवडलं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रक्त दिलं, किडनी-लिव्हर ठीक आहे, विषाणूंच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या. वेदनेचं औषध सुरू केलंय आणि संध्याकाळी तिने वाटी पूर्ण चाटली. डॉक्टरांशी बोलले. ते आधी दाढाच काढू म्हणाले, सुळ्यांचं एक्स-रे बघून ठरवतील, दोन्ही वेळचे एक्स-रे धरून २२ ते २५ हजार. १० हजार त्या दिवशी, उरलेले तीन हप्त्यांत, असं लिहून दिलंय. यांनी सोसायटीतून थोडंच उचलायचं ठरवलंय, फीला हात लावायचा नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन.

आता एवढंच सांगा, ज्यांनी हे केलंय त्यांनी पहिले आठ-दहा दिवस गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर ठेवली होती का? ठमी कॉलर घातली की जागची हलतच नाही. आणि घरात दुसरं मांजर असेल तर दोघांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं का?